‘मग तापाच्या बाईला मी काय देऊ?’

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील काढून:

मी एका संस्थेत तरुण आरोग्य संशोधकांना शिकवते. मलेरिया, क्षय, अतिसार अशा संसर्गजन्य आजारांवर काम करणारी ही मुलंमुली आहेत. अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, आणि शेवटी प्रत्येकाचा एक शोधनिबंध, म्हणजे पेपर. आमच्या सात तुकड्या बाहेर पडल्या. पेपर चांगले छापून येतात, पण ज्या आरोग्य केंद्रांवर अभ्यास झाले, तिथे काहीच बदललेलं दिसत नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मेहनतीने दाखवून दिलं की मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी बऱ्याच रुग्णांना मलेरियाच्याच गोळ्या दिल्या जातात. हे सांगायला ती त्याच केंद्रावर गेली. तिथल्या नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं. पण तापाने फणफणलेली बाई समोर बसली असेल, तर तिला मी काय देऊ?’ मुलीला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर ती रडली. आता अभ्यासक्रम नव्याने आखायची संधी आली आहे. निष्कर्ष लोकांना पटवून कसे द्यायचे, अधिकाऱ्यांसाठी टिपण कसं लिहायचं, हे शिकवावं असं मला वाटतं. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात, संशोधकाने खरं काय ते शोधावं, राबवायचं काम कार्यक्रम चालवणाऱ्यांचं. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही अपुरं वाटतं. रात्री मनात येतं, इतकी वर्षं मी नुसते पेपर लिहिणारेच घडवले का?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या नर्सबाईंपाशी थांबले. तुमच्या विद्यार्थिनीला वाटलं की त्यांनी आपल्याला अडवलं. मला वाटतं, दहा महिन्यांत तिला कुणी विचारला नसेल असा नेमका प्रश्न त्यांनी विचारला. पुढे जे लिहिणार आहे ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी त्या मुलीला सांगा की तिचा निष्कर्ष चुकलेला नाही. २००७ साली टांझानियातल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसलं होतं. टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना तरीही मलेरियाचं औषध दिलं गेलं होतं. म्हणजे ही एका केंद्राची किंवा एका नर्सची चूक नव्हे. पुढे त्याच देशात लहान गटांत बसून घेतलेलं प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांच्या फोनवर येणारे छोटे संदेश, रुग्णांसाठी पत्रकं असं करून पाहिलं, तेव्हा अशा गोळ्यांचं प्रमाण खाली आलं. इथवर ऐकलं की वाटतं, चला, उत्तर मिळालं, नीट समजावलं की लोक बदलतात.

पण २०१७ साली आफ्रिकेतले काही देश आणि अफगाणिस्तान इथल्या अशा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. जिथे रॅपिड टेस्ट आल्या, तिथे मलेरियाची औषधं कमी झाली खरी, पण बहुतेक ठिकाणी अँटिबायोटिक्स वाढली. टेस्ट निगेटिव्ह म्हणजे मलेरिया नाही, एवढंच कळतं. मग काय आहे, ते टेस्ट सांगत नाही. समोरचा माणूस मात्र तापलेलाच असतो आणि रिकाम्या हाताने परत जायला तयार नसतो. नर्सबाईंच्या प्रश्नाला इतक्या ठिकाणी मिळालेलं उत्तर हे असं होतं. तुमच्या विद्यार्थिनीचं सादरीकरण कितीही सफाईदार असतं, नर्सबाईंना ते शंभर टक्के पटलं असतं, तरी त्यांनी मलेरियाच्या गोळ्यांची बाटली ठेवून दुसरी उचलली असती.

म्हणून तुमच्या मनातल्या पहिल्या गृहीतकाला मी हात घालते. तुम्ही धरून चालला आहात की निष्कर्ष तयार आहे, फक्त तो नीट पोचत नाही. मला वाटतं, तो अर्धाच तयार होता. ‘काय चुकतंय’ हे तिने शोधलं. ‘त्याऐवजी काय करायचं, कुणी, कोणत्या वेळी, कशाच्या जोरावर’ हा भाग अभ्यासात नव्हताच. तो बोलण्याच्या कौशल्याने भरून निघत नाही, त्यासाठी वेगळं संशोधन लागतं. त्यालाच अंमलबजावणी संशोधन म्हणतात, आणि ते शिकवता येतं.

दुसरं गृहीतक जरा नाजूक आहे. लोक बदलत नाहीत म्हणजे त्यांना माहीत नाही, किंवा त्यांना पर्वा नाही, असं आपण सहज मानतो. मीही मानत असे. क्षयरोगाच्या कामात असताना एका केंद्रावर थुंकीचा दुसरा नमुना बरेच रुग्ण आणून देत नसत. मी अहवालात लिहिलं, ‘रुग्णांमध्ये जागरूकतेचा अभाव’. अहवाल देऊन झाल्यावर तिथला प्रयोगशाळेतला सहायक मला बाहेर घेऊन गेला आणि नमुने घ्यायची खिडकी दाखवली. ती अकरा वाजता बंद व्हायची. दुसरा नमुना सकाळी उठल्यावरचा हवा, आणि लांबून चालत येणारा माणूस अकराच्या आत पोचणार कसा? मी त्या केंद्रावर तीन आठवडे होते. रोज त्या खिडकीसमोरून जात होते. तिची वेळ माझ्या प्रश्नावलीत नव्हती, म्हणून ती मला दिसली नाही. ते ‘जागरूकतेचा अभाव’ आजही कुठे वाचलं की मला लाज वाटते.

क्षयरोगाच्याच इतिहासात याचा फार मोलाचा दाखला आहे. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने सिद्ध केलं की सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी राहून औषधं घेतली तरी रुग्ण तितकेच बरे होतात. जगभरचं क्षयरोगाचं काम त्यामुळे बदललं. पण रुग्ण शोधायचे कसे? सगळ्यांचा अंदाज असा की लोकांना आजाराची जाणीव नाही, तेव्हा आपणच घरोघर शोधत फिरायला हवं. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी खेड्यांतल्या क्षयरुग्णांना सरळ जाऊन विचारलं, तुम्हाला काय होतंय आणि तुम्ही काय केलंत. १९६३ साली ते काम प्रसिद्ध झालं. निम्म्याच्या आसपास रुग्ण आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते, आणि तिथे त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. लोकांना जाणीव होती. दवाखान्याला ती ओळखता आली नव्हती. हे कळल्यावर, आधी दारात आलेल्या खोकल्याच्या रुग्णाची थुंकी तपासा, हे कार्यक्रमाचं सूत्र झालं. लस नाही, नवं औषध नाही, पण मी याला अव्वल दर्जाचं संशोधन मानते. तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हे सांगा.

आता तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे येते. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. आपल्या निष्कर्षाचा जो प्रचारक होतो, त्याला त्या निष्कर्षाचं अपयश दिसेनासं होतं, ही त्यांची भीती असेल तर ती रास्त आहे. पण ‘खरं काय ते शोधा’ हे त्यांचंच सूत्र पुढे नेलं, तर ‘तिथे, त्या माणसांच्या हातात हे चालतं का’ हासुद्धा खरं शोधण्याचाच प्रश्न ठरतो.

गुदमार्गे द्यायच्या आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाचं उदाहरण त्यांच्यासमोर ठेवून पाहा. गंभीर मलेरिया झालेलं मूल इस्पितळापासून दूर असेल, तर निघण्याआधी ही एक मात्रा द्यायची. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की ज्या मुलांना पोचायला सहा तासांहून जास्त लागत होते, त्यांच्यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाला. याहून पक्का निष्कर्ष क्वचित हाती येतो. मग २०१८ ते २०२० या काळात काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक, नायजेरिया आणि युगांडा इथे हे औषध नेहमीच्या आरोग्यव्यवस्थेतून दिलं गेलं आणि मुलांचं पुढे काय झालं ते नोंदवलं गेलं. जीव वाचण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. औषध तेच होतं. पण मात्रा दिल्यावर मूल इस्पितळात पोचायला हवं, तिथे इंजेक्शन मिळायला हवं आणि नंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स व्हायला हवा. ही साखळी कित्येक ठिकाणी मधेच तुटत होती. २०२२ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की आढावा होईपर्यंत याचा आणखी विस्तार करू नका. पुढच्या वर्षी नव्या मार्गदर्शनासह वापर पुढे न्यायला वाट मोकळी झाली, पण भर आता पुढच्या सगळ्या उपचारांवर होता. हे कुणी मोजलंच नसतं तर? मात्रा वाटल्याचे आकडे वाढत राहिले असते आणि सगळ्यांना वाटलं असतं की काम छान चाललंय. मोजणारे संशोधकच होते, आणि त्यांनी जे केलं ते अगदी तुमच्या सहकाऱ्यांच्या व्याख्येतलं संशोधन होतं.

तेव्हा ‘पटवायला शिकवू’ आणि ‘तो आपला प्रांतच नाही’, या दोन्हींच्या मधलं काही मी तुम्हाला सुचवत नाही. मी म्हणते, प्रश्न ठरतो कुठे, ती जागाच बदला.

आत्ता तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न कुठे ठरतो? बहुधा वाचनालयात, गाइडसमोर, ‘यावर कुणी लिहिलं नाही’ या कसोटीवर. तो केंद्रावर ठरू द्या. प्रोटोकॉलचा, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्याचा, एक शब्दही लिहिण्याआधी किमान दोन आठवडे प्रत्येकाने बाह्यरुग्ण विभागात नुसतं बसावं. हातात प्रश्नावली नको, एक वही पुरे. एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात? टेस्टचा निकाल यायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ रुग्ण कुठे बसतो, की निघूनच जातो? किट संपल्या की काय होतं? नोंदवहीत कोणता रकाना नेहमी कोराच असतो? गोळ्या आधी कोण मागतं, रुग्ण की नातेवाईक? माझा अनुभव असा की कोऱ्या रकान्यामागे बहुतेक वेळा एक चांगला अभ्यास दडलेला असतो. आणि दोन आठवड्यांनी विद्यार्थ्याने तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं, ‘तुम्हाला यातलं कशाचं उत्तर मिळालं तर उद्यापासून उपयोग होईल?’ जे उत्तर येईल ते पेपरसाठी कंटाळवाणं असेल. चालेल.

दुसरा बदल प्रवेशाच्या वेळीच करायचा आहे, आणि तुम्ही एकच गोष्ट करू शकणार असाल तर ही करा. एकेकट्या संशोधकाला घेऊ नका, जोडी घ्या. संशोधक आणि त्याच भागात तो कार्यक्रम प्रत्यक्ष चालवणारं कुणीतरी, ज्याच्या हातात औषधांचा साठा, ड्युटीची वाटणी, नोंदवहीचा नमुना यांपैकी काहीतरी आहे असं. त्याला दहा महिने वर्गात बसवता येणार नाही, हे मला माहीत आहे. प्रश्न ठरवताना, मधल्या टप्प्यावर आणि निष्कर्ष वाचताना, असं तीनदा तो असला तरी फरक पडतो. २००९ साली सुरू झालेल्या ‘सॉर्ट इट’ या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणक्रमात कार्यक्रमात काम करणाऱ्यांनाच संशोधन शिकवतात. नेहमीच्या नोंदींतून त्यांनी आपला प्रश्न सोडवायचा, आणि प्रत्येक टप्प्याची मुदत पाळायची, नाहीतर बाहेर. ही शिस्त उचलण्यासारखी आहे. तिथेही मुख्य फळ पेपरच होतं, आणि पुढे निष्कर्ष सोप्या भाषेत मांडण्याचा वेगळा भाग जोडावा लागला, हे मात्र लक्षात असू द्या.

वर्गात काय शिकवायचं, तर संख्याशास्त्राला हात लावू नका. ते कमी केलंत तर चुकीचे निष्कर्ष जास्त उत्साहाने राबवले जातील. अंमलबजावणीच्या सिद्धांतांवर तासन् तास व्याख्यानं ठेवायचा मोह होईल, कारण त्यावर खूप साहित्य आहे. ते थोडक्यात आटपा. वेळ द्या तो मुलाखत घ्यायला शिकण्याला, म्हणजे समोरच्याने ‘हो हो’ म्हटल्यावरही गप्प बसून वाट पाहण्याला. उपाय ठरवल्याप्रमाणे झाला का, किती केंद्रांनी उचलला, किती दिवस टिकला, काम करणाऱ्याला तो झेपला का, खर्च कुणावर पडला, या सगळ्याचं मोजमाप शिकवा. आणि एखादा उपाय नव्या ठिकाणी नेताना त्यातलं काय बदललं तरी चालतं आणि कशाला धक्का लावायचा नाही, हे ओळखायला शिकवा.

या शेवटच्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळते, कारण बांगलादेशातलं ब्रॅक या संस्थेचं काम मला शिकवताना नेहमी आठवतं. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना अतिसारावरचं पाणी घरीच करायला शिकवत होत्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरांपर्यंत त्या पोचल्या. कार्यकर्तीला पैसे किती घरं केली यावर मिळत नसत. नंतर दुसरंच कुणीतरी जाऊन आयांना विचारायचं, आणि त्यांना किती लक्षात राहिलं यावर कार्यकर्तीची कमाई ठरायची. तरी सुरुवातीला आयांना सगळं पाठ असूनही मूल आजारी पडल्यावर वापर फारच थोड्या करत होत्या. का, ते शोधायला गेल्यावर कळलं की कित्येक कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, त्या स्वतःच्या घरी दुसरी औषधं देत होत्या. मग त्यांना हे पाणी काम कसं करतं ते समजावलं गेलं, आणि आयांना दाखवताना आधी स्वतः पिऊन दाखवा असं सांगितलं गेलं. घरातल्या पुरुषांशीही बोलायला सुरुवात झाली. वापर वाढला. हा वापर मीठ-पाण्याचं प्रमाण बदलून वाढला नव्हता. शिकवण्याची रीत, मोबदला, कुणाशी बोलायचं हे सगळं बदलत गेलं. तुमच्या विद्यार्थ्यांना हा फरक कळला पाहिजे, आणि तो पुस्तकातून कळत नाही. एखादा छोटा बदल एका केंद्रावर महिनाभर करून पाहायचा, फसला तर का फसला ते लिहायचं, दुरुस्त करून पुन्हा करायचा, असं एक चक्र तरी प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवं.

गुणांकनाबद्दल एक सावधगिरीची सूचना. ‘पेपर’ ही अट काढून ‘धोरणात बदल’ ही अट घालू नका. तसं केलंत तर मुलं सोपे प्रश्न निवडतील, लहानसहान परिणाम फुगवून सांगतील आणि अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र जोडतील. शिवाय एका केंद्रावरचा एक अभ्यास राबवण्याजोगा असेलच असं नाही. आधीचे सगळे अभ्यास काय सांगतात ते पाहून ‘अजून थांबा’ असं म्हणणारा विद्यार्थीही उत्तम गुणांनी पास व्हायला हवा. मी काय करेन सांगू? पेपर ठेवीन, आणि सहा महिन्यांनी एक पानी नोंद मागेन: निष्कर्ष आधी कुणाला सांगितला, त्यांनी काय विचारलं, मग काय केलं, काय झालं नाही. ‘काय झालं नाही’ हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला जास्त गुण.

टिपण लिहायला शिकवायचं की नाही? शिकवा, अर्ध्या दिवसात. एक पान, आकडे कमी, मागणी स्पष्ट. त्यापेक्षा जास्त वेळ त्याला लागत नाही.

तुम्ही ‘नुसते पेपर लिहिणारे घडवले का’ असं विचारलंत. ज्या मुलीला नर्सबाईंच्या प्रश्नाने रडू आलं, तिला तो प्रश्न लागला. कितीतरी संशोधक ‘थँक यू’ म्हणून गाडीत बसतात. तिचं हे लागणं वाया जाऊ देऊ नका. तिला त्या केंद्रावर परत पाठवा, पण या वेळी लॅपटॉप न घेता. टेस्ट निगेटिव्ह आलेल्या तापाच्या रुग्णांची मागच्या दोन महिन्यांची पानं नर्सबाईंबरोबर बसून उघडू दे. त्यातले किती पुन्हा आले, कशासाठी आले, कुणाला घरी थांबून तीन दिवसांनी या म्हटलं असतं तर चाललं असतं, कोणती लक्षणं दिसली की लगेच पुढे पाठवायलाच हवं, हे दोघींनी मिळून लिहून काढावं. मग ते डॉक्टरांना आणि तुम्हाला दाखवावं आणि तिथल्या उपचाराच्या अधिकृत सूचनांशी ताडून पाहावं. पानाच्या वरच्या ओळीत त्या बाईंचाच प्रश्न लिहायला सांगा, त्यांच्याच शब्दांत. नव्या अभ्यासक्रमाचा पहिला प्रोटोकॉल तिथून सुरू करता येईल, आणि त्यावर नर्सबाईंचंही नाव असू द्या.